सतरा ओळींवरची चंदेरी शाई

श्रीनाथ पहिल्यांदा आला त्या दिवशी मी ट्रेडलचे रूळ धूत होतो.

वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमध्ये आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर निवृत्त पुरुषांसाठी एक वर्कशॉप आहे. त्याला इथे मेन्स शेड म्हणतात. मंगळवार आणि गुरुवार, नऊ ते बारा. कोणी खुर्च्या दुरुस्त करतं, कोणी पक्ष्यांसाठी खोकी बनवतं, साडेदहाला चहा. कोपऱ्यात पायाने चालवायचं जुनं छपाईयंत्र गंजत पडलं होतं. त्यालाच आम्ही ट्रेडल म्हणायचो. मी पुण्यात अडतीस वर्षं छापखान्यात काढली, त्यातली पहिली चौदा ट्रेडलवर. माझा मुलगा सुमेध मला इकडे घेऊन आला, त्यानंतर वर्षभर मी खिडकीतून शेजाऱ्याचं कुंपण पाहत बसलो होतो. यंत्र दिसलं तसा कामाला लागलो. गंज काढायला दोन महिने लागले, रूळ मिळवायला तीन. आता त्यावर शेडच्या रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं आणि नाताळची कार्डं छापतो.

दारात एक म्हातारा उभा होता. सडपातळ, सत्तरीच्या पुढचा, अंगात दोन स्वेटर आणि इथल्या जुलैतल्या हिवाळ्यात पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला. बराच वेळ तो नुसता पाहत राहिला. मग हिंदीत म्हणाला, "मधला रूळ परत धुवा. डाव्या कडेला शाई आहे."

मी पाहिलं. होती.

मला असं कोणी सांगितल्याला खूप वर्षं झाली होती. मी फडकं त्याच्या हातात दिलं. त्याने स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि रूळ धुतला. कडेपासून मध्याकडे, मध्यापासून कडेला नाही. फडक्याची बाजू प्रत्येक वेळी बदलली. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून रूळ उजेडाकडे धरला. शेड सांभाळणारा ग्रॅहम, निवृत्त प्लंबर, जाता जाता म्हणाला, "गुड ऑन यू, मेट." श्रीनाथने मान हलवली. कौतुक त्याला आवडलेलं दिसलं नाही.

तो ब्रह्मदेशातला. पणजोबा बिहारमधून तिकडे भात लावायला गेले, ते तिथेच राहिले. घरात भोजपुरी, बाहेर बर्मी. नावंही दोन. घरात श्रीनाथ, सरकारी कागदावर सान विन. आम्ही दोघं हिंदीत बोलायचो. त्याची हिंदी जुनी होती आणि माझी पुणेरी. इथे मी मराठीत लिहितो आहे.

रंगूनच्या एका लहान छापखान्यात त्याने एकतीस वर्षं काम केलं. २००७ साली भिक्षूंच्या मोर्च्यात त्याची मुलगी चालली आणि तिचा फोटो निघाला, तो पोलिसांपर्यंत गेला. बापलेक थायलंडच्या सीमेवरच्या छावणीत गेले, तिथून दोन वर्षांनी इकडे आले. मुलगी आता वृद्धाश्रमात काम करते. रंगूनला त्याची धाकटी बहीण दमयंती उरली आहे.

तीन महिने तो दर मंगळवारी आणि गुरुवारी आला. काम असं की मला काही सांगावं लागलं नाही. मी कामात हात चोरणारा माणूस सहन करत नाही. पुण्यात दोन मदतनीस मी त्यासाठी घालवले. श्रीनाथ तिकिटांची चळत लावायचा तर एक कड बाहेर नसायची.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी त्याने पिशवीतून एक मासिक काढलं. मेणकागदात गुंडाळलेलं, पिवळं पडलेलं. गोल गोल बर्मी अक्षरं, एकही मला वाचता येईना. पहिल्या पानावर जाड चौकटीत चार ओळी होत्या. सत्तेचाळिसाव्या पानाच्या मध्यावर चंदेरी शाईचा एक आयत होता. तळहाताहून थोडा मोठा.

मी चष्मा लावला. कडा ब्लेडने कापल्यासारख्या. वळ नाही, बुडबुडा नाही. शेजारच्या ओळीला केसभरही स्पर्श नाही. पान खिडकीसमोर धरलं. पलीकडचं काही दिसेना. चंदेरी शाई हाताने इतकी सारखी बसवणं किती कठीण, ते मला माहीत आहे.

"कोणी केलंय हे?" मी म्हणालो. "उत्तम काम आहे."

त्याने पान माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाला, "मी केलंय, तुकारामभाई. याच्याखाली माझ्या भावाच्या सतरा ओळी आहेत. त्या मला वाचायच्या आहेत. तुम्ही शाईतले माणूस. ही निघेल का?"

मी आधी बोललो ते परत घेता येण्यासारखं नव्हतं.

पुढचे दोन-तीन आठवडे चहाच्या वेळी त्याने मला सगळं सांगितलं. सलग नाही. बोलता बोलता उठून एखादा खिळा, म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर, पुसायचा, परत बसायचा.

त्यांच्याकडे सैन्याचं राज्य होतं. मासिक छापून बांधून तयार झालं की विक्रीच्या आधी सेन्सॉरच्या ऑफिसात द्यायचं. तिथून चिठ्ठी यायची. अमुक पान फाडा, अमुक दोन पानं एकमेकांना चिकटवा, अमुक ओळी झाका. झाकायला काळी शाई चालायची, पण पाहणाऱ्याला ती खुपते. म्हणून चंदेरी. हे काम छापखान्यातल्या कामगारांनीच हाताने करायचं, दोन-दोन हजार प्रतींवर.

"आणि ही पहिल्या पानावरची चौकट?" मी विचारलं.

"ती प्रत्येक पुस्तकात. स्वयंपाकाच्या पुस्तकातसुद्धा. वर लिहिलंय, जनतेची इच्छा. खाली, परक्यांच्या तालावर नाचणाऱ्यांना विरोध करा, देश फोडणाऱ्यांना चिरडा." तो चहा फुंकत म्हणाला, "जनतेने ही इच्छा कधी केली मला माहीत नाही. मी जनतेतच होतो."

"आणि टीव्हीवर?"

"टीव्हीवर जनरल पूल पाहायचे. अर्धा तास. आधी जनरल पूल बघतोय, मग पूल जनरलला बघतोय. नंतर हजर असलेल्यांची नावं, हुद्द्यासकट. ती संपेपर्यंत भात शिजायचा." तो हसला नाही, मी हसलो. "गाणंसुद्धा तपासून यायचं. गायकाला सांगायचे, एक प्रेमाचं गा, एक धरणाचं गा. माझी आई धरणाचं गाणं गुणगुणत भांडी घासायची. चाल चांगली होती, काय करणार."

आमच्याकडेही आणीबाणीत एकोणीस महिने तसं झालं होतं, ते मी त्याला सांगितलं. मी बावीस वर्षांचा होतो. बुधवारातल्या आमच्या छापखान्यात एक साप्ताहिक छापलं जायचं. एका आठवड्यात संपादकांनी एक अख्खा रकाना मोकळा सोडला. मला वाटलं खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला ते कमी पडले. मी त्याच्यावर ओरडलो. पुढच्या आठवड्यात हुकूम आला, मोकळी जागाही सोडायची नाही. मग तिथे आवळ्याच्या मोरंब्याची कृती आली. ती मी छापली, आणि ती नीट उठली की नाही हे मी तपासलं. एवढंच मला आठवतं.

"एकोणीस महिने," श्रीनाथ म्हणाला. "मोजता आले तुम्हाला."

सत्याण्णव साली हे मासिक त्यांच्याकडे छापायला होतं. चिठ्ठी आली, पान सत्तेचाळीस, सतरा ओळी. प्रती दोन हजार. हजार श्रीनाथने घेतल्या, हजार टिन मौंगने. टिन मौंग हा त्याचा जोडीदार, आळशी. तो चंदेरी शाईत रॉकेल ओतायचा म्हणजे ब्रश भरभर चालतो. एक हात मारायचा आणि विडी ओढायला जायचा. त्याच्या प्रती वाळल्यावर उन्हात धरल्या की खालचं वाचता यायचं. लोकांना हे ठाऊक होतं. मासिक घेताना लोक पान उन्हाकडे धरून मग घ्यायचे.

श्रीनाथला हे पाहवेना. सेन्सॉरसाठी नव्हे, त्याला काम असं दिसायलाच नको होतं. त्याने एक्स-रेच्या जुन्या फिल्ममधून सतरा ओळींच्या मापाची चौकट कापली. ब्रश सोडून हातातला लहान रूळ घेतला. शाईत रॉकेलऐवजी घट्ट वार्निश. एक हात आडवा, तो वाळला की एक उभा. पण चंदेरी हात दिल्यावर कागद वर येतो, सुरकुततो, आणि चळत तिरकी होते. म्हणून त्याने पानामागे चौकटीच्याच मापाचा ओलसर टीपकागद ठेवून प्रत्येक प्रत बायंडरच्या शिकंज्यात दाबून ठेवली. सकाळी पान इस्त्री केल्यासारखं.

"हे कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणी नाही."

सेन्सॉरचा माणूस तपासायला आला. त्याने श्रीनाथची प्रत खिडकीशी धरली, मालकाला म्हणाला, हे काम कोणाचं. मालकाने बोट दाखवलं. साहेबाने श्रीनाथला बिस्किटांचा डबा पाठवला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोन छापखान्यांतली माणसं ती फिल्मची चौकट बघायला आली. साहेबांनी पाठवली होती. श्रीनाथने त्यांना रूळ कसा धरायचा ते दाखवलं.

ओळी त्याने वाचल्या नव्हत्या. कामगार वाचत नाही, मोजतो. मीही अडतीस वर्षांत काय काय छापलं, विचाराल तर सांगता येणार नाही. लेखकाचं नाव टोपणनाव होतं. आठवड्याने त्याचा धाकटा भाऊ नारायण घरी आला. शाळेत मास्तर होता, एकतीस वर्षांचा. म्हणाला, "दादा, सत्तेचाळिसावं पान झाकलेलं मासिक आहे ना तुझ्याकडे? त्यात माझी गोष्ट आहे. पहिलीच." श्रीनाथने स्वतःच्या हातची प्रत दिली. नारायणने पान उघडलं, उन्हाकडे धरलं, उलटं करून धरलं. मग हसला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, तुझं काम पक्कं आहे."

श्रीनाथने विचारलं होतं, काय होतं त्यात. नारायण म्हणाला, सांगून मजा नाही, कधीतरी वाच. दहा महिन्यांनी त्याला घरून उचललं. कशासाठी, ते कळलं नाही. दुसऱ्या सकाळी आईने घरातला लिहिलेला प्रत्येक कागद चुलीत घातला, वाण्याची यादीसुद्धा. नारायण तुरुंगात तापाने गेला असं कळवलं. कपडे मिळाले, माणूस मिळाला नाही. मासिकाची दुसरी एक प्रत तेवढी राहिली, कारण ती श्रीनाथच्या छापखान्यातल्या कपाटात होती. पुढे सीमा ओलांडताना एका सैनिकाने त्याची पिशवी उपसली. मासिक उघडलं, चंदेरी पट्टा पाहिला, आणि परत दिलं. म्हणाला, हे तपासलेलं आहे.

"गोष्टीतलं बाकीचं?" मी विचारलं. "झाकलेल्या ओळींच्या आधीचं, नंतरचं?"

"ते पाठ आहे. एक माणूस नदीवर जातो. नावाडी त्याला विचारतो, पलीकडे तुमचं कोण आहे. मग चंदेरी. मग माणूस परत घरी येतो, आणि गोष्ट संपते." त्याने बोट पानाच्या कडेला ठेवलं, शाईवर नाही. "नारायण पुढे काय बोलला ते तिथे आहे. माझ्यासमोर आहे. सत्तावीस वर्षं."

मी कामाला लागलो. त्याच्या पानाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवलं. तसाच खरखरीत कागद शोधला. ट्रेडलवर त्यावर काळ्या ओळी छापल्या. श्रीनाथने स्वतःच्या पद्धतीने वार्निश घालून चंदेरी शाई केली आणि तशीच लावली. पन्नास नमुने. हीटरजवळ तीन आठवडे सुकवले. मग एकेक करून पाहिलं. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर, साबण, ब्लेड. सगळ्याचा निकाल एकच. चंदेरी सुटते तेव्हा खालची काळीही सुटते. दोन्हीत तेल तेच. ब्लेडने तर कागदच येतो. प्रत्येक नमुन्याच्या मागे मी काय केलं ते पेन्सिलीने लिहीत गेलो. पन्नासावा संपला तेव्हा लिहिण्यासारखं वेगळं काही नव्हतं.

घरी सुमेधला पान दाखवलं. तो वेलिंग्टनला ट्रेनने जातो, कॉम्प्युटरचं काम करतो. त्याने चार प्रकारे स्कॅन केलं. "बाबा, मेटल आहे ना, लाइट परत फिरतो. खालचा डेटाच येत नाही." नातू अक्षत फोन घेऊन आला, कसलं ॲप लावलं आणि म्हणाला, "आजोबा, इट्स जस्ट ग्रे." सुमेधने एका प्रयोगशाळेला लिहिलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. असं यंत्र आमच्याकडे नाही, ऑस्ट्रेलियात असेल, पण या कामासाठी वेळ मिळणं अवघड, आणि खात्री कोणी देणार नाही. उत्तराच्या सुरुवातीला किया ओरा, हा इथला माओरी नमस्कार होता, शेवटी शुभेच्छा.

एक गोष्ट उरली होती. ती मला उशिरा सुचली याची मला लाज वाटते. मासिक खिळ्यांवर छापलेलं. खिळा कागदात रुततो. पान मागून पाहिलं, तिरप्या उजेडात, तर अक्षरांचे उठाव दिसतात. बोटालाही लागतात. आम्ही शिकाऊ असताना अंधारात बोटाने ओळी मोजायचो.

मंगळवारी सकाळी मी बॅटरी घेऊन गेलो. शेडचा पडदा ओढला. पान उलटं धरलं आणि बॅटरी आडवी केली. झाकलेल्या भागाच्या वर आणि खाली उठाव स्पष्ट होते, बाजरीच्या दाण्यांसारखे. मधला आयत सपाट. काचेसारखा.

मी बोट फिरवलं. परत फिरवलं.

"शिकंजा," श्रीनाथ म्हणाला. त्याला माझ्या आधी समजलं होतं. "ओला टीपकागद आणि शिकंजा. पान सरळ व्हावं म्हणून."

मी बॅटरी बंद केली. तो बाकावर बसला. ग्रॅहमने विचारलं, सगळं ठीक ना, आणि दोन कप चहा आणून ठेवला. आम्ही तो प्यायलो.

मग मी म्हणालो, "टिन मौंगच्या हजार प्रती होत्या ना? त्याने स्वतःसाठी एखादी ठेवली असेल."

श्रीनाथने मान खाली घातली. टिन मौंगकडे एक होती. त्याला हे पूर्वीच माहीत होतं. २०१२ नंतर तिकडे थोडं मोकळं झालं, सेन्सॉरचं ऑफिसही बंद झालं. तेव्हा त्याने फोनवर मागितली होती. टिन मौंग म्हणाला, टपालात हरवेल, तू ये, जेवून जा, आणि घेऊन जा.

"मग गेला का नाहीत? आठ-नऊ वर्षं होती."

"घाई वाटली नाही. वाटलं, आता असंच राहणार." मग म्हणाला, "आणि ती प्रत त्याच्या हातून घ्यायची म्हणजे... तो उन्हात धरून वाचून दाखवणार. आळशी माणूस. त्याचं काम वाचता येतं, माझं नाही. शेवटी २०२० च्या एप्रिलचं ठरवलं. कोविड आला. मग पुढच्या फेब्रुवारीत सैन्य आलं. टिन मौंग त्याच साली गेला, ऑक्सिजन मिळाला नाही. त्याची बायको आहे."

"तिला विचारा."

"फोनवर विचारता येत नाही, तुकारामभाई. रस्त्यावर फोन उघडून बघतात. सैन्य आलं त्यानंतर रोज आठच्या बातम्यांत फोटो दाखवायचे. हा नट, ही गायिका, हा हसवणारा, यांना शोधतोय. दमयंती आता फोनवर फक्त पावसाचं आणि भाताचं बोलते."

तरी त्याने निरोप दिला, महिनाभर फिरवून फिरवून. दमयंती टिन मौंगच्या बायकोकडे भाजी द्यायला म्हणून गेली. पुढच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा श्रीनाथ आमच्या घरी जेवायला होता. विनिताने, माझ्या सुनेने, वरणभात केला होता. त्याने फोन टेबलावर ठेवला. बोलणं भोजपुरीत होतं, मला बरंचसं कळलं.

"जेवलास का, भैया?"

"जेवतोय. तू?"

"जेवले. इकडे पाऊस बरा आहे."

"वहिनीकडे गेली होतीस?"

"गेले होते. बरी आहे. त्या वर्षी त्यांच्या गल्लीत घरोघर पाहुणे येत होते, माहीत आहे ना. तिच्याकडे जुनी लाकडं होती. तिने सगळ्यांवर भात शिजवला."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर. एक काडी ठेवली नाही. सगळ्या गल्लीनेच शिजवला." मग दमयंती म्हणाली, "भैया, तिला वाईट वाटत होतं. म्हणाली, यांचं काहीच नीट नसायचं, पण हे एक त्यांनी सांभाळलं होतं."

"भात चांगला झाला का, विचार तिला," श्रीनाथ म्हणाला.

पाहुणे म्हणजे सैनिक आणि लाकडं म्हणजे जुने कागद, हे मला तोवर कळलं होतं. दोघं पुन्हा पावसावर आली. फोन ठेवल्यावर त्याने ताटातला भात संपवला. एक शीत ठेवलं नाही. अक्षतने विचारलं, "इज ही ओके?" विनिता म्हणाली, "तू जेव."

पुढच्या गुरुवारी तो आला, मासिक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "थिनर लावा."

"पन्नास नमुने पाहिलेत तुम्ही."

"पाहिले. ते तीन आठवड्यांचे होते. हे सत्तावीस वर्षांचं आहे. काळी कदाचित कागदात मुरली असेल."

असं होऊ शकतं. होईलच असं नाही. मी त्याला तसं सांगितलं. म्हणालो, हे एकच आहे, आणि गेलं तर गेलं. तो म्हणाला, आत्ता तरी कुठे आहे. मी म्हणालो, तुम्हीच करा, तुमचा हात माझ्याहून चांगला आहे. तो म्हणाला, "याच पानावर दुसऱ्यांदा नको."

मी काडीला कापूस गुंडाळला. सतरावी ओळ गोष्टीच्या परिच्छेदाची शेवटची, म्हणून तिचा उजवा शेवट मोकळा असण्याची शक्यता होती. तिथून सुरू केलं, म्हणजे आधी नुकसान होणार नाही. कापूस ओला करून पिळला. ठेवला, उचलला, घासला नाही. चंदेरी मऊ झाली. पिवळा कागद दिसला, कोरा. तांदळाच्या दाण्याएवढी जागा. दुसरा कापूस. अर्ध्या तासात नखाएवढी जागा मोकळी झाली. कागद शाबूत. मला वाटू लागलं होतं. काय वाटू लागलं होतं ते लिहीत नाही.

मग ओळीचं शेवटचं अक्षर आलं. राखाडी, गोल, पूर्ण. श्रीनाथ भिंगाने पाहत होता. त्याचा श्वास माझ्या मनगटावर येत होता. मी कापूस उचलला आणि अक्षर कापसाबरोबर आलं. कागदावर थोडी मळकट छटा राहिली.

"थांबा," तो म्हणाला. मी थांबलोच होतो.

"वाचता आलं?"

"गोल होतं. आमचा 'व' म्हणजे नुसतं गोल. शून्यसुद्धा तसंच." तो बराच वेळ भिंगातून मळकट जागेकडे पाहत राहिला. "व असेल. गोष्टीत आकडा कशाला लिहील."

मी विचारलं, पुढे जायचं का. सोळा ओळी आणि एक न भरलेली. एकेक अक्षर दोन सेकंद दिसणार आणि जाणार, तेही दिसलं तर. त्याने हिशेब केलेला मला दिसला. एवढ्या वेळात तो वाचू शकेल का, माझा हात तेवढा स्थिर राहील का, मधलं एक चुकलं तर पुढच्याचा अर्थ लागेल का. मग त्याने मासिक मिटलं आणि मेणकागदात गुंडाळलं. चारही कोपरे बरोबर दुमडले.

"हे तुमच्याकडे ठेवा," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिलं तर मी एखाद्या दिवशी पुढे जाईन."

ते शेडमधल्या माझ्या कपाटात आहे, कुलपात. या गोष्टीला आता पाच महिने झाले. श्रीनाथ येतो. रूळ धुतो, तिकिटांची चळत लावतो. मी त्याला काम चांगलं झालं असं म्हणत नाही. ग्रॅहम म्हणतो, त्याला कोण अडवणार. दमयंतीचा फोन दर रविवारी येतो. तिकडे पाऊस बरा आहे.

त्या पन्नासांखेरीज एक नमुना मी न वापरता ठेवला होता, श्रीनाथने लावलेला. त्याच दिवशी हात बसावा म्हणून एक मी स्वतः लावला होता, त्याच शाईने, त्याच रुळाने. दोन्ही खिडकीत टाचून ठेवले आहेत, ऊन लागेल असे. गेल्या मंगळवारी पाहिले. माझ्या पट्ट्याला तडे गेले आहेत. खालची ओळ जवळजवळ सगळी वाचता येते. त्याचा पट्टा पहिल्या दिवशी होता तसाच आहे.